समुद्र नाही, तरी भिंतीला मीठ कसं फुटतं? लोणा, पोपडे आणि रंगाचं विज्ञान

गुरुकुंज मोझरीत घर रंगवण्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, त्यानंतर दहाच दिवसांत दिवाळी. महोत्सवाला गावोगावचे लोक येतात, घरोघरी पाहुणे उतरतात. त्यामुळे पाऊस उघडला रे उघडला की रंगारी शोधायची धावपळ सुरू होते.

गेल्या वेळी याच गडबडीत माझ्या मोबाइलवर दोन फोटो आले. पहिला दर्यापूर तालुक्यातल्या मामाजींचा. नवीन खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटलेले, खाली पांढऱ्या भुकटीचा ढीग. दुसरा मावसभावाचा. तो नोकरीनिमित्त रत्नागिरीला असतो, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या रंगाला फोड आलेले, खिडकीच्या गजांना गंज. दोघांचा प्रश्न मात्र एकच: कोणता रंग लावू?

मामाजींनी तीन दिवाळ्यांत तीनदा रंग लावला होता. शेवटच्या वेळी तर महागातला वॉटरप्रूफ. "डब्यावर सात वर्साची ग्यारंटी लिहेल होती. सात महिने नाई टिकला," असं ते वैतागून म्हणाले. वरून मुलीचं लग्न तोंडावर.

दोन्ही घरांत रंग बिघडवणारी वस्तू एकच आहे: मीठ. पण दोन्हीकडे उपाय उलटे आहेत. रत्नागिरीच्या भिंतीला जे औषध, ते दर्यापूरच्या भिंतीला विष ठरू शकतं. म्हणून रंग कोणता हे विचारण्याआधी मीठ कुठून आलं हे विचारायला पाहिजे. ते ओळखायचं कसं आणि पुढे करायचं काय, हे आज पाहू.

मीठ भिंत फोडतं कसं?

वीट, सिमेंटचा गिलावा, काँक्रीट हे सगळं आपल्याला घट्ट दिसतं, पण आतून ते स्पंजासारखं असतं. त्यात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. दिव्यातली वात जशी तेल वर ओढते, तशा या नळ्या पाणी ओढतात. पाण्यात मीठ विरघळलेलं असेल तर तेही सोबत येतं.

पुढे पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं, पण मीठ उडत नाही. ते जागेवर राहतं आणि त्याचे खडे बनतात. खडे भिंतीच्या वर बनले तर पांढरी भुकटी दिसते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. तो दिसायला वाईट, पण नुकसान कमी. खरा घोळ होतो तो खडे आत, म्हणजे रंगाच्या मागे किंवा गिलाव्याच्या पोटात बनले की. जागा अपुरी पडते, खडा वाढताना भोवती दाब देतो आणि गिलावा आतून सुटतो.

आता मिठाच्या दोन खोड्या लक्षात ठेवा.

पहिली खोडी खाण्याच्या मिठाची, म्हणजे सोडियम क्लोराईडची. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते, तेच भिंतीत होतं. आर्द्रता उतरली की पुन्हा खडे. म्हणजे नळ फुटलेला नसताना, छत गळत नसतानाही मिठाची भिंत श्रावणात ओली दिसते आणि माघात भुकटी सोडते.

दुसरी खोडी सोडियम सल्फेटची. विटांमध्ये आणि सिमेंटमध्ये सल्फेट असतात. या मिठाचा कोरडा खडा पाणी शोषून दुसऱ्या रूपात जातो तेव्हा त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. हा बदल सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. आपल्या वऱ्हाडात वर्षातले कितीतरी दिवस तापमान दुपारी या रेषेच्या वर आणि रात्री खाली असतं. अशा भिंतीला विश्रांतीच नाही.

मीठ येण्याच्या तीन वाटा

*हवेतून.* लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि किनाऱ्यालगतच्या घरांवर बसतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. रत्नागिरीच्या घराचा प्रश्न हा. इथे मीठ बाहेरून येतं आणि आधी पृष्ठभागावर बसतं. गंमत म्हणजे पावसाचा मारा झेलणारी भिंत बऱ्यापैकी धुतली जाते. जास्त मीठ साचतं ते पागोळीखाली, सज्जाखाली, खिडकीच्या वरच्या कोनात, जिथे पाऊस पोचत नाही.

*जमिनीतून आणि बांधकामाच्या पाण्यातून.* मोझरीपासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. पण अमरावतीच्या पश्चिमेला गेलं की पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, नऊशेच्या आसपास गावं त्यात येतात. इथलं भूजल खारं. प्यायला आता बऱ्याच गावांत धरणाचं पाणी नळाने येतं, पण घर बांधताना तराईला, म्हणजे भिंतींवर पाणी मारायला, बोअरच लागते. हिशोब करून पाहा. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस ३,००० आहे. म्हणजे एका लिटरमध्ये ३ ग्रॅम क्षार. हजार लिटरच्या एका टाकीत ३ किलो! अशा किती टाक्या आपण घराला पाजतो? पाणी उडून जातं, किलोंचा हिशोब भिंतीत राहतो.

*आपल्याच घरातून.* आमचा तिवसा तालुका वर्धेच्या बाजूचा, पूर्णेच्या खोऱ्यातला नाही. तरी आमच्या मोझरीच्या घरात एका भिंतीला लोणा लागलाच. पलीकडे न्हाणीघर होतं आणि मोरीचा पाइप सांध्यात झिरपत होता. विटेत थोडेफार क्षार असतातच, त्यांना बाहेर आणायला पाणी मिळालं की झालं. काळ्या मातीतल्या घरांची आणखी एक अडचण: ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात आणि तड्यातून पाऊस आत शिरतो.

आपली भिंत कोणत्या जातीची? घरच्या घरी चार तपासण्या

१. भुकटी पाण्यात टाका. चमचाभर पांढरी भुकटी खरवडून स्वच्छ पाण्यात ढवळा. विरघळली तर क्षार. विरघळली नाही तर ती चुन्याची, रंगाची किंवा पुट्टीची धूळ. काळे-हिरवट डाग असतील आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं.

२. डागाचा आकार पाहा. जमिनीपासून वर सलग ओल आणि साधारण दोन-तीन फुटांवर आडवी, लाटेसारखी रेघ असेल तर पाणी खालून चढतंय. मीठ सगळ्यात जास्त त्या रेघेवर साचतं. डाग मध्येच गोल असेल तर पाइप किंवा तडा शोधा. फोड फक्त बाहेरच्या, समुद्राकडच्या बाजूला असतील तर हवेतलं मीठ.

३. प्लास्टिकची तपासणी. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंत आतून ओली आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा.

४. टीडीएस मीटर. आरओवाल्याकडे असतो तो पेनासारखा. बोअरच्या पाण्यात बुडवा आणि आकडा लिहून ठेवा. कोणता क्षार आहे हे त्यातून कळत नाही, पण एकूण किती हे कळतं.

हवेतून मीठ येत असेल तर: आधी धुवा

मावसभावाला मी हेच सांगितलं. किनाऱ्यावरच्या घराला रंग लावण्याआधी बाहेरची भिंत गोड्या पाण्याने वरून खाली धुवायची, पागोळीखालचे कोपरे विसरायचे नाहीत. मिठावर रंग बसला तर ते मीठ पाणी ओढतं आणि रंगाच्या पापुद्र्याखाली फोड येतात. धुतल्यावर भिंत पूर्ण सुकू द्यायची. सुटलेला रंग खरवडायचा, तडे भरायचे, प्रायमर मारायचा आणि मग बाहेरच्या भिंतीसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग दोन हात. पहाटेचं दव उडाल्यावर काम सुरू करायचं आणि संध्याकाळी दमटपणा वाढायच्या आत थांबवायचं. रंगानंतरही वर्षातून एक-दोनदा भिंतीला गोड्या पाण्याची आंघोळ घातली की रंगाचं आयुष्य वाढतं.

कोकणातल्या जुन्या घरांना लांब पागोळ्या का असतात, चिऱ्याच्या भिंती बाहेरून गिलावा न करता उघड्या का ठेवत, याचं उत्तरही यात थोडं सापडतं. पाणी अंगावर येऊ द्यायचं नाही आणि आलंच तर सुकायला वाट ठेवायची.

खालून मीठ येत असेल तर: धुवू नका, दाबू नका

मामाजींच्या घरी मात्र नेमकं उलट झालं होतं. दरवर्षी रंगाआधी रंगारी भिंत खसाखसा पाण्याने धुवायचा. भुकटी दिसेनाशी व्हायची, कारण ती विरघळून परत आत जायची. वरून वॉटरप्रूफ रंगाचा घट्ट पापुद्रा. पाण्याचा बाहेर यायचा रस्ता बंद. मग खडे पापुद्र्यामागे बनले, रंग गिलावा घेऊनच उतरला आणि ओल आणखी एक फूट वर चढली.

गंमत त्यांच्याच घरात होती. मागची जुनी खोली पांढऱ्या मातीच्या भिंतीची. तिला आजी दरवर्षी छुईचा हात मारायची. ती भिंतही भुकटी सोडायची, पण पोपडे कधी धरले नाहीत. कारण माती आणि छुई श्वास घेतात. मीठ वर येऊन झडतं, दरवर्षी एक पातळ थर त्याच्यासोबत जातो आणि भिंत वाचते. आपण भिंत सिमेंटची केली, रंग प्लास्टिकचा केला. खालचं पाणी मात्र खारंच राहिलं. मामाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबर हाय. मिठाच्या पाण्यानं बांधलं त मीठच निंगीन ना!"

अशा भिंतीचं काम या क्रमाने करा.

*पाणी तोडा.* मामाजींच्या अंगणात भर टाकता टाकता माती जोत्याच्या वर गेली होती. जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर असतो, पण मातीच त्याच्या वर गेली तर पाणी त्याला वळसा घालून भिंतीत शिरतं. माती डीपीसीच्या किमान अर्धा फूट खाली उतरवली, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार दिला, मोरीचं पाणी दूर नेलं. जुन्या घराला डीपीसीच नसेल तर विटांच्या थरात भोकं पाडून रसायन भरता येतं, पण ते जाणकाराकडूनच करून घ्यायचं काम.

*गिलावा काढा.* ओलीच्या रेघेच्या वर एक-दीड फुटापर्यंत. मलबा लगेच बाहेर फेका, कारण त्यातच सर्वांत जास्त मीठ आहे. तो पुन्हा वाळूत मिसळू देऊ नका.

*कोरड्या ब्रशने झाडा.* विटा उघड्या ठेवून भुकटी येईल तसतशी झाडत राहा. पाणी नको, अ‍ॅसिड तर मुळीच नको. हार्डवेअरच्या दुकानातल्या अ‍ॅसिडमधून क्लोराईडचीच भर पडते.

*सुकू द्या.* भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. आपल्या उन्हात थोडं लवकर होईल, पण आठवड्याभरात नक्की नाही.

*चुन्याचा गिलावा.* आतल्या भिंतीला चुना आणि स्वच्छ गोडी वाळू. सिमेंटपेक्षा तो मऊ आणि जास्त सच्छिद्र. मीठ राहिलेलं असेल तर ते यात येईल. पाच-सात वर्षांनी हा गिलावा बदलावा लागला तरी वीट वाचलेली असेल.

मग रंग कोणता?

ओल आणि मीठ असलेल्या भिंतीला श्वास घेणारा रंग: चुना, त्यात थोडा डिंक, किंवा खनिज सिलिकेट रंग. ऑइल पेंट, चकचकीत इमल्शन, रबरासारखा ताणणारा रंग हे सगळे पाणी कोंडतात. कोरड्या, निरोगी, फक्त बाहेरून पाऊस झेलणाऱ्या भिंतीला ते चालतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: जुन्या इमल्शनवर चुना धरत नाही. आधी इमल्शन खरवडून काढावं लागतं. आणि नव्या सिमेंट गिलाव्यावर निदान चार आठवडे रंग नको. तो सुकायला आणि त्याचा क्षारपणा उतरायला वेळ द्या.

नवीन घर बांधत असाल तर

हा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. काँक्रीटच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) मध्ये मर्यादा दिलेली आहे: सळई असलेल्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराईड, सळई नसलेल्याला २,०००, आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅम. बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. मर्यादेबाहेर असेल तर नळाचं किंवा शेततळ्यातलं गोडं पाणी वापरा. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळपास नसतातच.

वीट तपासायची सोपी रीत मानकातच आहे. ताटात इंचभर पाणी घेऊन वीट उभी ठेवायची. पाणी बॅटरीचं किंवा पावसाचं, बोअरचं नको. वीट पाणी पिऊन सुकली की पुन्हा एकदा तेवढंच पाणी. दुसऱ्यांदा सुकल्यावर विटेवर पांढरं किती आलं पाहा. दहा टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ, निम्म्यापर्यंत मध्यम, त्याहून जास्त असेल तर तो माल परत पाठवा.

इथे मात्र रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला बोलवा

छताचा किंवा कॉलमचा तुकडा पडून गंजलेली सळई दिसत असेल, किंवा सळईच्या रेषेत सरळ तडा असेल, तर प्रश्न रंगाचा राहिलेला नाही. क्लोराईड सळईवरचं संरक्षक कवच फोडतं. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. वरून पुट्टी मारून हे झाकणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ.

दिवाळीला चुना, रंग फाल्गुनात

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि आपली सगळ्यांची चूक इथेच होते. चार महिने पाऊस पिऊन भिंत आतून गच्च असते. वरून कोरडी दिसते, आपण दसरा ते दिवाळी या वीसेक दिवसांत घट्ट रंग मारतो आणि ओल आत बंद करतो. ओलीची तक्रार असलेल्या घरासाठी याहून वाईट मुहूर्त नाही. माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, भिंत खरी सुकलेली असते आणि ऊनही अजून भाजत नाही. मे महिन्याच्या तापलेल्या भिंतीवर रंग नको, तो धरायच्या आत वाळतो.

मामाजींनी त्या दिवाळीला नवीन रंग घेतलाच नाही. गिलावा काढलेल्या विटांपुढे धान्याच्या कोठ्या लावल्या, बाकीच्या घराला चुना मारला. फाल्गुनात चुन्याचा गिलावा झाला, वैशाखात त्याच खोलीत मुलीला हळद लागली. पावसाळ्यानंतर मी गेलो तर भिंतीच्या पायाशी बोटभर भुकटी होती. मामीने झाडूने लोटून सुपलीत घेतली आणि बाहेर नेऊन टाकली. पोपडा एकही नव्हता.

मीठ अजून काही वर्षं येत राहील. पण आता त्याला बाहेर जायला वाट आहे.